जुना हायड्रोजन थायरेट्रॉन कसा तपासावा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत केनेथ जर्मेशाउझेन यांनी रडारच्या स्पंदांसाठी हायड्रोजन थायरेट्रॉन, म्हणजे हायड्रोजन वायू भरलेला आणि स्विचसारखा चालणारा व्हॉल्व्ह, विकसित केला. हायड्रोजनचे आयन हलके असल्यामुळे हा व्हॉल्व्ह एकदा पेटून (त्यातून प्रवाह वाहू लागून) विझला की पाऱ्याच्या वाफेच्या थायरेट्रॉनपेक्षा फार लवकर पुढच्या स्पंदासाठी तयार होतो. येथे 3सी45 हा 3 किलोव्होल्ट आणि 35 ॲम्पिअर शिखरप्रवाहाचा लहान व्हॉल्व्ह घेतला आहे. इतका विद्युत दाब (व्होल्टेज; पुढे नुसते ‘दाब’) जीवघेणा असतो. उच्चदाबाचे काम ज्यांनी पूर्वी केलेले नाही, त्यांनी जाणकाराला सोबत घेतल्याशिवाय तिसऱ्या पायरीपुढे जाऊ नये.

1. काच आणि वरच्या टोपीचा सांधा भिंगाखाली पाहावा. त्यात तडा दिसला तर आत हवा शिरली असण्याची शक्यता आहे; अशा वेळी पुढे तपासण्यात अर्थ नाही.

2. हीटरला 6.3 व्होल्ट देऊन प्रवाह मोजावा. तो सुमारे 2.25 ॲम्पिअर असावा. यानंतर पूर्ण दोन मिनिटे थांबावे, कारण कॅथोड (हीटरने तापणारे, इलेक्ट्रॉन सोडणारे टोक) पुरेसा तापण्याआधी ॲनोडला (धन टोकाला) दाब दिला तर आयनांच्या माऱ्याने कॅथोडवरचा लेप उखडतो आणि ही हानी भरून निघत नाही. जुने, दुर्मीळ व्हॉल्व्ह अशा घाईनेच वाया जातात.

3. ग्रिडला (व्हॉल्व्ह कधी पेटावा हे ठरवणाऱ्या आतल्या टोकाला) 47 किलोओहमच्या रोधातून धन 150 व्होल्ट द्यावेत. आत मंद प्रकाश दिसावा; त्याचा रंग खात्रीच्या व्हॉल्व्हशी ताडून पाहावा.

4. आता ग्रिड कॅथोडला जोडून ॲनोडचा दाब सावकाश वाढवावा. मालिकेत 470 किलोओहमचे, अर्ध्या वॅटचे दहा रोध ठेवावेत. एकाच रोधावर सगळा दाब टाकल्यास त्याची दाबमर्यादा ओलांडली जाते. व्हॉल्व्ह आपोआप पेटला तर तो दाब नोंदवावा.

5. शेवटी दाब 2 किलोव्होल्टवर आणून ॲनोडपासून 1000 पिकोफॅरडचा कपॅसिटर, 100 ओहमचा बिनवेटोळ्याचा रोध आणि जमिनीच्या बाजूला 1 ओहमचा रोध अशी साखळी जोडावी. जोडणी बदलताना पुरवठा बंद करून, रोध लावलेल्या दांडीने कपॅसिटर रिकामा करणे अनिवार्य आहे. ग्रिड कॅथोडपासून सोडवून त्याला सेकंदाला वीस वेळा, किमान 175 व्होल्टचा धन स्पंद द्यावा आणि ऑसिलोस्कोप (विद्युत तरंग पडद्यावर दाखवणारे यंत्र) फक्त 1 ओहमच्या रोधावर लावावा. स्पंदाची कड स्थिर दिसली तर व्हॉल्व्ह चांगला आहे. कड मागेपुढे थरथरत असेल आणि चौथ्या पायरीत मात्र व्हॉल्व्हने दाब उत्तम पेलला असेल, तर हायड्रोजन धातूत शोषला जाऊन कमी झाल्याचा संशय घ्यावा.