अप्पांनी पाहिलं ते आधी लिहून घ्या

ठाण्याच्या तलावपाळीला कोणाची तरी पर्स हिसकावली गेली, तेव्हा आमचे ७८ वर्षांचे अप्पा तिथेच बाकावर होते. घरी आल्याबरोबर मी वही काढली. चहा नंतर!

उतारवयात चेहरा आठवतो, कृतीही आठवते. पण कोणी काय केलं याची सांगड चुकू शकते. नुसता शेजारून गेलेला फुगेवालाच चोर ठरायचा! दिवस उलटले की गल्लत वाढते. म्हणून त्याच दिवशी, त्यांच्याच शब्दांत, वेळ घालून लिहा. आठवत नसेल तर तसंच लिहा.

‘लाल शर्टवालाच ना?’ असं विचारू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४च्या प्रयोगात प्रश्नातलं क्रियापद बदलताच, अपघाताची फिल्म पाहिलेल्या लोकांनी सांगितलेला गाडीचा वेगही बदलला होता.

कट्ट्यावर मित्रांशी चर्चा करायची ती हे सगळं लिहून झाल्यावरच. यावरून अप्पा रुसले, ती गोष्ट वेगळी.