रूट कॅनल करायचं की नाही? ठरवायचं कसं आणि भीती वाटत असेल तर काय करायचं

दाढ रात्री ठणकायला लागली की लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या, पेनकिलर सगळं होतं आणि सकाळी जरा बरं वाटलं की डेंटिस्टकडे जाणं पुढे ढकललं जातं. यात आळस कमी आणि भीती जास्त असते. म्हणून पहिलं काम हे करा की दाताला काय झालंय हा प्रश्न वेगळा ठेवा आणि मला भीती वाटते हा वेगळा, कारण दोन्ही एकत्र झाले की माणूस एकतर 'काढूनच टाका' म्हणतो नाहीतर 'बघू नंतर'.

१. दुखणं कसलंय ते बघा

थंड लागलं की कळ आली आणि लगेच गेली, तर बऱ्याचदा आतली नस वाचलेली असते आणि फिलिंगवर भागू शकतं. पण गरम चहा घेतल्यावर आलेली कळ मिनिटभर जातच नाही, काही न खाता-पिता आपोआप ठणका सुरू होतो, आडवं झालं की वाढतो, कानापर्यंत जातो आणि नक्की कुठला दात तेच सांगता येत नाही, अशा वेळी नसेला परत बरी न होणारी सूज आलेली असण्याची शक्यता जास्त, आणि मग रूट कॅनल (खराब नस काढून मुळातल्या नळ्या साफ करून भरणं) किंवा दात काढणं, यातलं एक ठरवावं लागतं.

सगळ्यात फसवं म्हणजे आठवडाभर ठणकणारी दाढ एकदम शांत होणं. लोकांना वाटतं बरी झाली. खरं तर नस मेलेली असू शकते आणि इन्फेक्शन मुळाच्या टोकाशी चालूच राहतं, मग काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते किंवा गाल सुजतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून खाऊ नका, नसेच्या दुखण्यावर त्याचा उपयोग होत नाही. पेनकिलरची गोळी हिरडीवर दाबून ठेवायची सवयही सोडा, हिरडी भाजते.

सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

२. पहिली व्हिजिट फक्त तपासणीची घ्या

फोनवरच सांगा, 'मला दातांच्या ट्रीटमेंटची खूप भीती वाटते, आज फक्त तपासणी आणि एक्सरे करायचाय.' असं म्हणण्यात काहीही कमीपणा नाही. डॉक्टर दाताला थंड लावून बघतात, हलकं ठोकून बघतात, एक छोटा एक्सरे काढतात, एवढंच. मग विचारा: नस वाचेल का? दाताचा किती भाग शिल्लक आहे, वर कॅप (दातावर बसवायचं टोपण) टिकेल का? हाडाचा आधार चांगला आहे का? कॅप धरून एकूण खर्च किती? (नुसत्या रूट कॅनलचा आकडा ऐकून घरी येतात आणि कॅपचा खर्च नंतर अंगावर पडतो.)

३. मग ठरवा

दात वाचण्यासारखा असेल तर माझं मत स्पष्ट आहे, वाचवा. काढणं आज स्वस्त वाटतं, पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, त्या जागेच्या बरोबर वरचा किंवा खालचा दात हळूहळू बाहेर येतो, आणि नंतर ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला नकली दात) करायचा तर बहुतेक वेळा शेजारचे चांगले दात कोरून लहान करावे लागतात, इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून लावलेला दात) तर अजून महाग. पण दाताच्या मुळाला उभा तडा गेला असेल, दात फार हलत असेल किंवा अक्कलदाढ असेल तर काढणंच बरोबर ठरतं बऱ्याचदा.

शंका असेल तर एंडोडॉन्टिस्टचं (रूट कॅनलमधल्या तज्ज्ञ डेंटिस्टचं) दुसरं मत घ्या. पैशांची अडचण असेल तर मुंबईत नायर डेंटल कॉलेज, सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज, इथे कमी खर्चात होतं, वेळ मात्र जास्त द्यावा लागतो.

४. भीतीचं काय करायचं

भूल नीट चढल्यावर दाब जाणवतो, आवाज येतो, पाणी उडतं, पण कळ यायला नको. जास्त सूज असलेल्या खालच्या दाढेत कधीकधी एका इंजेक्शनने पुरेसं बधिर होत नाही, तेव्हा सहन करत बसू नका, सांगा, अजून भूल देता येते. सुरू करायच्या आधीच ठरवून घ्या की डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार. थांबवणं आपल्या हातात आहे हे कळलं की निम्मी धास्ती तिथेच कमी होते.

अजून एक जे फारसं कोणी सांगत नाही: भुलेच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅड्रेनॅलिन असतं, त्याने काही मिनिटं छाती धडधडू शकते. ते औषधामुळे असतं आणि ओसरतं, आपल्याला काहीतरी होतंय असं समजून घाबरू नका, फक्त डॉक्टरांना सांगा. हृदयाचा त्रास, बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, अ‍ॅलर्जी हे सगळं आधीच सांगायचं आणि गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

सकाळची वेळ घ्या म्हणजे दिवसभर धाकधूक नको, नीट जेवून जा, हेडफोन लावा, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडताना जास्त वेळ घ्या, सोबत कोणीतरी न्या. एवढं करूनही खुर्चीत बसवत नसेल तर सिडेशनबद्दल (गुंगीचं औषध देऊन ट्रीटमेंट करण्याबद्दल) विचारा, काही ठिकाणी ती सोय असते. पण शांत होण्याची गोळी कोणाकडून मागून खाऊ नका.

५. झाल्यावर

बधिरपणा जाईपर्यंत जेवू नका, ओठ-गाल चावला जातो. दोन-चार दिवस चावताना दुखणं चालतं, वाढत गेलं किंवा सूज आली तर लगेच फोन करा. दुखणं थांबलं म्हणून पुढची सिटिंग चुकवू नका, तात्पुरतं फिलिंग थोड्या दिवसांपुरतंच असतं. आणि दाढ असेल तर क्लिनिकमधून निघायच्या आधीच कॅपची तारीख घ्या, कॅपशिवाय दाढ तुटायचा धोका बराच वाढतो आणि वाईट तुटली तर काढावीच लागते.