पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, तर आधी काय करायचं?

नाशिकमधल्या सातपूरच्या एखाद्या सोसायटीत गाडी लावण्यावरून दोन घरांत हाणामारी होते आणि रात्री साडेनऊला फोन येतो, ‘साहेबांनी बोलावलंय, येऊन जा.’ अशा वेळी आपल्याकडचे लोक एकतर ओळखीचा नगरसेवक शोधतात, नाहीतर फोन बंद करून बसतात. दोन्हींनी काम बिघडतं. त्याऐवजी शांतपणे दोन प्रश्न विचारा : गुन्हा दाखल झालाय का, आणि कोणत्या कलमांखाली? पुढचं सगळं या कलमांवर ठरतं.

१. एफआयआर मिळवा, कलमं वाचा

महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रकाशित एफआयआर पाहता येतात. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथे नसतात. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. घटना त्याआधीची असेल, तर जुनं भादंवि, म्हणजे भारतीय दंड विधानच.

कलम दिसलं की तीन गोष्टी तपासा : दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि जास्तीत जास्त शिक्षा किती. वरच्याच भांडणात नुसती मारहाण असेल तर ११५(२), म्हणजे जास्तीत जास्त एक वर्ष, अदखलपात्र आणि जामीनपात्र. ‘एनसी’ म्हणतात ती हीच. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. त्याच भांडणात कोयता चालला असं फिर्यादीत आलं, की ११८(१) लागतं : तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, अजामीनपात्र. जिवे मारण्याच्या इराद्याचा आरोप असेल तर १०९, आणि मग खटला सत्र न्यायालयात.

‘अजामीनपात्र’ वाचून घरचे हबकतात. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही. तो हक्क म्हणून ठाण्यातच मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो, एवढंच.

२. नोटीस असेल तर हजर राहा

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात बजावलं. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची लेखी नोटीस असते. तिचं पालन केलंत, तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक होत नाही. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल, तर अटकेआधी उपअधीक्षकांची परवानगी लागते. जाताना वकील सोबत न्या, नोटिशीची प्रत आणि पोच जपून ठेवा.

अटकेची भीती खरी असेल, तर नोटिशीची वाट न पाहता सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. तिथे नाकारला गेला तर मुंबई उच्च न्यायालय. शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची प्रकरणं औरंगाबाद खंडपीठात जातात, म्हणून पुष्कळांचा गोंधळ होतो. नाशिकसाठी मुंबईच.

३. बोलणं कमी, पुरावा जपणं जास्त

घटनेबद्दलचे प्रश्न आले की माणूस ‘खरं काय ते सांगून टाकतो’ म्हणून बोलत सुटतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. पण तुमच्या सांगण्यावरून कोयता सापडला, तर तेवढा भाग चालतो. तपासातल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घेता येत नाही. पंचनामा, अटकेचा मेमो यांवर सही करावी लागलीच, तर आधी पूर्ण वाचा. कोऱ्या कागदावर कधीच नाही.

माझ्या मते लोक सगळ्यात मोठी चूक इथेच करतात : बचावाचा पुरावा गोळा करायचा राहून जातो. सोसायटीच्या सीसीटीव्हीवरचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. सचिवांना लगेच लेखी पत्र द्या, प्रत ठेवा. तुम्हालाही मार लागला असेल तर त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन नोंद करून घ्या. चार दिवसांनी काढलेला दाखला कोर्टात फिका पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण पुसू नका, कितीही अडचणीचं वाटलं तरी.

४. अटक झालीच तर घड्याळ आणि कॅलेंडर

अटकेची कारणं सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि वकिलाला भेटू देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महिलेला अपवादानेच अटक होते.

तिथे ‘पीसीआर’ की ‘एमसीआर’ हा शब्द कानावर येईल. पहिली पोलीस कोठडी, एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. दुसरी न्यायालयीन, म्हणजे सहसा नाशिकरोडचं कारागृह. पहिल्या रिमांडचा दिवस लिहून ठेवा आणि तो धरून मोजा. दहा वर्षं वा अधिक, जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधीच करावा लागतो. एका दिवसाच्या ढिलाईने हा हक्क जातो.

जामीनदार आधीच तयार ठेवा. आधार, सातबारा किंवा पगाराचा दाखला हाताशी नसल्याने आदेश होऊनही माणूस दोन-तीन दिवस आत राहतो.

५. वकील परवडत नसेल तर

जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या व्यक्तीला, महिलेला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. मोफत म्हणजे कमअस्सल, हा समज सोडा.

६. दोषारोपपत्रानंतरचे रस्ते

दोषारोपपत्राच्या प्रती फुकट मिळतात, त्या मागून घ्याच. मग वकिलासोबत बसून ठरवा. कागदांवरूनच गुन्हा बनत नसेल तर दोषमुक्तीचा अर्ज. दंडाधिकाऱ्यांकडे प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे. समोरच्याशी समेट झाला असेल, तर साध्या मारहाणीसारखे गुन्हे तडजोडीने मिटतात. तडजोडीच्या यादीत नसलेल्यांसाठी उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज. यातलं काहीच जमलं नाही तर खटला चालवायचा, साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची.

खटला लांबतो तसा तारखांचा कंटाळा येतो. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये खटल्याचा सीएनआर क्रमांक टाकलात की पुढची तारीख घरबसल्या कळते. येणं शक्य नसेल तर त्या दिवशी वकिलाकरवी गैरहजेरी माफीचा अर्ज द्या, नाहीतर वॉरंट निघतं.