दीर्घावधी धूमकेतूची कक्षा काढताय? या चुका टाळा

2024 च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू दिसला तेव्हा ‘80 हजार वर्षांनी आलाय’ असं जो तो सांगत होता. तो आकडा सुरुवातीच्या तुटपुंज्या निरीक्षणांवरून काढलेला. निरीक्षणं वाढली, उत्केंद्रता (कक्षा किती लांबट ते सांगणारा आकडा; 1 च्या आत असेल तरच धूमकेतू फिरून येतो) 1 च्या किंचित वर गेली आणि त्या आकड्याला अर्थच उरला नाही.

घोटाळा बहुतेकदा इथेच होतो. चार-पाच रात्रींची मोजमापं फाइंड ऑर्ब या कक्षा काढणाऱ्या प्रोग्रॅमला दिली की तो दशांशचिन्हापुढे ढीगभर अंकांसकट कक्षा हातात ठेवतो आणि आपण हुरळतो. एवढ्याशा तुकड्यावर लंबवर्तुळ (उत्केंद्रता 1 हून कमी), अन्वस्त (बरोबर 1) आणि अपास्त (1 हून जास्त) जवळपास एकसारखेच बसतात. म्हणून आधी उत्केंद्रता 1 धरून उरलेले पाच घटक काढा. काही आठवड्यांनी तफावती (मोजलेली जागा आणि कक्षेवरून निघणारी जागा यांतले फरक) एका बाजूला झुकू लागल्या, की मग उत्केंद्रता मोकळी सोडा, म्हणजे तीही प्रोग्रॅमला काढू द्या.

तफावतींचे नुसते आकडे बघू नका, दिशा बघा. एखाद्या रात्रीचे सगळे बिंदू धूमकेतूच्या गतीच्या दिशेने पुढे-मागे सरकलेत? मग पहिला संशय घड्याळावर. मिनिटाला 3 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) सरकणाऱ्या धूमकेतूला 20 सेकंदांची चूक म्हणजे अख्खी एक विकला. घड्याळ बरोबर असूनही एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ लिहिणारे कमी नाहीत. वेळ मध्याची हवी. (भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा करायचे राहिले, तर ती चूक लपत नाही, एवढंच बरं.)

तफावत शेपटीकडे असेल तर धूमकेतूची जागा मोजायला फोटोत त्याच्याभोवती धरलेलं वर्तुळ मोठं झालंय. लहान करा, दाट गाभाच धरा. वेधस्थळाचा कोडही (निरीक्षण कुठून केलं ते सांगणारा क्रमांक) तपासा: 500 म्हणजे पृथ्वीचं केंद्र, तुमची गच्ची नव्हे. एक खगोलीय एकक (पृथ्वी ते सूर्य एवढ्या) अंतरावर या फरकाने 8.8 विकलांपर्यंत गोंधळ होतो.

उत्केंद्रता 1.0003 आली म्हणून परक्या ताऱ्याकडचा पाहुणा सापडला असं जाहीर करू नका. खरोखर परक्या ताऱ्याकडून आलेल्या बोरिसॉव्ह धूमकेतूची 3.36 होती! ग्रहांच्या ओढीने सूर्यकेंद्री आकडा असा थोडा हलतोच. कक्षा ग्रहांच्या पलीकडे मागे नेऊन सूर्यमालेच्या वस्तुमानमध्याभोवती मोजा, बहुधा ती 1 च्या आत येते. कक्षा कोणत्या तारखेची, हेही लिहा. 1996 मध्ये गुरूजवळून जाताना हेल-बॉप धूमकेतूचा आवर्तकाल (सूर्याभोवतीच्या एका फेरीचा काळ) सुमारे 4,200 वर्षांवरून 2,500 च्या आसपास आला.

वायूंच्या झोतांमुळे लागणाऱ्या धक्क्याचे घटक शेवटी घाला. आधीच घातलेत तर घड्याळाची चूकसुद्धा त्यांत बेमालूम मुरते.