झेरॉक्सच्या दुकानात स्वतःला विसरून जाऊ नका

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. पूर्वी लोक कागद घेऊन यायचे, कागद घेऊन जायचे. आता येतात आणि विचारतात, "दादा, नंबर सांगा, व्हॉट्सअ‍ॅप करतो." प्रिंट घेतात, दहा रुपये स्कॅन करतात, जातात. फाइल माझ्याकडेच राहते.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीणच्या अर्जांची झुंबड उडाली आणि माझ्या कॉम्प्युटरनं मान टाकली. जागा भरली होती. डाउनलोडचा फोल्डर उघडला तर चार हजारांवर फाइली: आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, कुणाचा तरी घटस्फोटाचा अर्ज. मी वाचत बसलो नाही. पण बसलो असतो तर अडवणारं कोण होतं?

तेव्हा माझ्याकडे या, पण असे या.

पहिलं काम घरीच करायचं. माय आधारच्या सरकारी साइटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून आत जा. आधार डाउनलोड करताना 'मास्क्ड' अशी एक चौकट दिसते, तिच्यावर खूण करा. मग जी पीडीएफ मिळते तिच्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसणारे असतात. ओटीपीसाठी मोबाइल आधारला जोडलेला हवा, नाहीतर गाडी तिथंच अडते. लॉजवाल्याला, सोसायटीच्या वॉचमनला, ओळख दाखवण्यापुरतं हे चालायला हवं. अनुदानाच्या अर्जाला बहुधा पूर्ण नंबर लागतो, तिथं वाद घालत बसू नका, रांग माझ्या दारापर्यंत येते.

(मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयानं 'आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका' असं पत्रक काढलं होतं. दोन दिवसांत ते मागे घेतलं. ते दोन दिवस लोक माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच चोर.)

त्या पीडीएफला पासवर्ड असतो: आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. हा पासवर्ड लोक माझ्या काउंटरवर ओरडून सांगतात. नाव, साल, सगळं रांगेला ऐकू जातं. काउंटरच्या आत या, कीबोर्ड ओढा, स्वतः टाका. मला राग येत नाही.

प्रिंट हातात आली की लगेच निघू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा. तीन दिवसांनी आठवलं तर वेळ निघून गेलेली असते. पण एवढ्यानं भागत नाही. प्रिंट काढताना मी ती फाइल कॉम्प्युटरवर उतरवलेली असते आणि तुमच्या डिलीटचा तिला पत्ताच नसतो. म्हणून तोंडानं सांगा: "दादा, माझ्यासमोर डिलीट करा." साधं डिलीट केलं तर फाइल रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. दुकानदाराला शिफ्ट दाबून डिलीट करायला लावा. कुरकुर करणारे भेटतील. माझ्या शेजारचा करतो.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतःचा मेल उघडायची वेळ आली तर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबून इनकॉग्निटो खिडकी (बंद केली की तुमचं लॉगिन मागं न ठेवणारी) उघडा, आणि काम झालं की ती बंद करा. स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप जोडलं असेल तर मोबाइलमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ते तोडूनच पायरी उतरा. एका मास्तरांचं व्हॉट्सअ‍ॅप माझ्याकडे तीन दिवस चालू होतं. शाळेच्या ग्रुपवरच्या सगळ्या भानगडी मला कळल्या.

आता कागद. पाठपोट झेरॉक्स कुठंही देण्याआधी तिच्यावर तिरपं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख. 'फक्त गॅस कनेक्शनसाठी' एवढं पुरे. फोटो आणि नाव झाकू नका, पण अक्षरं मजकुरावरून जाऊ द्या, कडेला लिहिलेलं कापून टाकता येतं. कोरी सही केलेली झेरॉक्स तर कुणालाच देऊ नका, सख्ख्या मेव्हण्यालाही नाही.

टोनर पुसट आला, कागद वाकडा ओढला गेला, की ती प्रत आम्ही खालच्या खोक्यात टाकतो. खोकं भरलं की रद्दीत. रद्दी कुठं जाते? मागं एकदा स्टँडवर भेळ घेतली, तर पुडी कुणाच्या तरी उत्पन्नाच्या दाखल्याची! खराब प्रत मागून घ्या. ती तुमचीच आहे, आणि तिचे पैसेही मी घेत नाही.

आणि निघताना मशीनचं झाकण उचलून बघा. लोक झेरॉक्स घेऊन जातात आणि ओरिजिनल काचेवर ठेवतात. आत्ता माझ्या ड्रॉवरमध्ये दोन पॅनकार्डं, एक रेशनकार्ड आणि एका मुलीची दहावीची मार्कशीट आहे, गणितात ९४. ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं. दुपारी दीड ते तीन दुकान बंद असतं.