दंडावर न दिसणारं बीपी: पल्मनरी हायपरटेन्शनचा रुग्ण सांभाळताना

पल्मनरी हायपरटेन्शनचा रुग्ण पहिल्यांदा वाट्याला आला की नवी सिस्टर बीपी घेते. ११०/७० येतं आणि प्रश्न पडतो, मग हायपरटेन्शन आहे कुठं? ते दंडावर येतच नाही. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसात जाणाऱ्या धमनीतला सरासरी दाब निरोगी माणसात पाऱ्याच्या १४ मिमीच्या आसपास असतो. तो २०च्या वर गेला की हा आजार म्हणायचा. जुन्या पुस्तकांत २५ वाचलं असेल, २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत २० आहे. खात्रीचं माप कॅथलॅबमध्ये, शिरेतून हृदयात नळी घालून मिळतं, इकोवरचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) आकडा हा अंदाज.

फाइल उघडल्यावर आधी कारण बघा. आपल्याकडे रुमॅटिक तापानं आकसलेली हृदयाची मायट्रल झडप, लहानपणी बंद न केलेलं हृदयातलं छिद्र, सीओपीडी (धुरानं, विडी-सिगारेटनं होणारा फुफ्फुसाचा जुनाट दमा), फुफ्फुसात राहून गेलेल्या जुन्या गुठळ्या, अशी कारणं वारंवार दिसतात. कारण बदललं की औषध बदलतं आणि ऑक्सिजनचं लक्ष्यही. एरवी सॅच्युरेशन ९०च्या वर ठेवायला सांगतात, सीओपीडीत ८८ ते ९२. जुन्या छिद्रामुळं आयझेनमेंगर (छिद्रातून रक्त उलटं, उजवीकडून डावीकडं वाहणं) झालेल्या रुग्णाचं रोजचंच ८२ असू शकतं. म्हणून ‘नेहमीचं किती’ हे ओव्हर (आधीच्या पाळीकडून रुग्णाचा ताबा) घेतानाच विचारून घ्या. अशा रुग्णाच्या शिरेत हवेचा छोटा बुडबुडाही जाता कामा नये. छिद्रातून तो डावीकडं जातो आणि थेट मेंदूत पोचू शकतो. सेट भरताना टिचक्या मारून नळीतला प्रत्येक बुडबुडा काढा, फिल्टर असेल तर लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या रुग्णाचं बीपी ८०/५० झालं की सवयीनं हात सलाईनच्या रोलरकडं जातो. तिथं थांबा. हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो. दाबापुढं तो फुगतो, मधला पडदा डावीकडं रेटतो आणि डाव्या कप्प्याला भरायला जागाच उरत नाही. वर अर्धा लिटर सलाईन सोडलं तर उजवा कप्पा आणखी फुगतो, बीपी आणखी उतरतं. आधी मानेची शीर तटतटली आहे का, पाय सुजलेत का, लघवी किती झाली, सॅच्युरेशन आणि मॉनिटरवरची लय काय, हे बघून ड्यूटी डॉक्टरांना सगळं एका दमात सांगा. बऱ्याचदा नॉरअ‍ॅड्रेनलिन (बीपी वाढवणारं औषध) लागतं, पंप जवळ आणून ठेवा. जुलाब किंवा लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) जास्त होऊन रुग्ण खरोखर कोरडा पडलेलाही असतो, पण पाणी द्यायचं की नाही हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. नाडी एकाएकी १४०वर गेली तर लगेच ईसीजी काढा. एट्रियल फ्लटर (वरच्या कप्प्याची बिघडलेली, फार वेगवान लय) या हृदयाला सोसत नाही.

रोजचं वजन हे इथलं खरं मोजमाप. सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर सूज दिसायची वाट न बघता कळवा. पाणी दीड लिटर ठरवलं असेल तर चहा, ताक, वरणाचं पाणी आणि अँटिबायोटिकचं १०० मिलीचं सलाईनही त्यातच मोजा. हे सलाईन मोजायचं हमखास राहून जातं.

चक्कर येऊन पडायची जागा बहुतेक वेळा संडास. कुंथलं की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडं रक्त परत येत नाही आणि शुद्ध हरपते. म्हणून पोट साफ होण्याचं औषध चुकवू नका. कमोड खुर्ची, लांब नळीनं चालू ठेवलेला ऑक्सिजन, कडी न लावलेलं दार आणि बाहेर उभी मावशी, एवढी तयारी असावी. आंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्यानं. कढत पाण्यानं बीपी उतरतं.

व्हेंटिलेटरवर असेल, विशेषतः छिद्र बंद करून आलेलं बाळ, तर सक्शन (श्वासनळीतला कफ नळीनं ओढणं) हा मोठा धोका. ऑक्सिजन कमी पडला, कार्बन डायऑक्साइड साठला, दुखलं, गारठलं, यातल्या कशानंही फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या एकदम आवळतात. आधी १०० टक्के ऑक्सिजन द्या, सांगितलेलं सिडेशन (गुंगीचं औषध) द्या, कॅथेटर १० सेकंदांत बाहेर. ठरल्या वेळी नव्हे, गरज असेल तेव्हाच. नायट्रिक ऑक्साइड (फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणारा वायू) चालू असेल तर ते क्षणभरही तुटू देऊ नका. एकदम थांबलं की दाब उसळतो. अँब्यू बॅगेलाही (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) ते जोडता येतं का, हे ड्यूटीच्या सुरुवातीलाच तपासा.

आखातात किंवा ब्रिटनमध्ये नोकरीला गेलात तर इपोप्रोस्टेनॉलच्या (फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणारं, शिरेतून सतत चालणारं औषध) पंपावरचा रुग्ण भेटेल. औषधाचा अर्धायुकाल (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) काही मिनिटांचाच. त्या लाइनमधून रक्त काढायचं नाही, दुसरं औषध द्यायचं नाही आणि अडकली म्हणून फ्लश तर कधीच करायची नाही, कारण नळीतलं सगळं औषध एका झटक्यात आत जातं. लाइन बंद पडली तर हाताच्या शिरेतून तेच औषध त्याच वेगानं चालू करायचं. त्यासाठी एक मोकळी कॅन्युला कायम हवी.

गोळ्यांमध्ये बोसेंटान ६२.५ मिग्रॅ दोनदा असं सुरू होतं. दर महिन्याला यकृताची तपासणी, आणि मूल होऊ शकणाऱ्या वयात गर्भचाचणी. गर्भाला हे घातक आहे, आणि नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही त्यानं कमी होतो, त्यामुळं दुसरा उपाय सुचवलाय का ते विचारा. रायल्स ट्यूबसाठी (नाकातून पोटात घातलेली नळी) गोळी कुटायची वेळ आली तर गरोदर सिस्टरनं हात लावू नये.

सिल्डेनाफिलबद्दल मात्र बसून बोला, कारण व्हायग्रा म्हणून ओळखलं जातं ते हेच औषध. औषधाच्या दुकानात कुणीतरी चमकून बघतं, मुलगा मोबाइलवर नाव शोधतो, आणि घरातली बाई लाजेनं गोळी बंद करते. ‘काकू, ही गोळी फुफ्फुसातल्या नळ्या सैल करते, म्हणून दम कमी लागतो. तीन वेळची चुकवायची नाही,’ असं सुट्टीच्या आधी, घरच्यांच्या समोर सांगा. डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून द्या: ‘सिल्डेनाफिल चालू आहे, सॉर्बिट्रेट देऊ नये.’ छातीत दुखलं की गावच्या दवाखान्यात जिभेखाली पहिली तीच गोळी जाते, आणि दोन्हींनी मिळून बीपी कोसळतं. वॉर्डातही हेच लक्षात ठेवा: सिल्डेनाफिलनंतर २४ तास, त्याच गटातल्या टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट नाही.