शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफीचं मॉडेल: गाठ शेवटी, ठोकळा आधी

शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफी म्हणजे अल्ट्रासाउंडने ऊतीत आडवी (शिअर) लहर उठवायची आणि तिच्या वेगावरून ऊती किती कडक ते काढायचं. याचं संगणकी मॉडेल करताना नवीन विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात यकृत, त्यात गाठ, वर त्वचा असं सगळं एकदम बांधायला घेतात. मग वेग चुकला की दोष नेमका कुठे आहे ते सापडत नाही. म्हणून सुरुवात एकजिनसी ठोकळ्यापासून करा, ज्याचं उत्तर कागदावर काढता येतं. शिअर वेव्हचा वेग १.५ मीटर प्रति सेकंद आणि घनता १००० किलो प्रति घनमीटर धरली, तर शिअर मॉड्युलस (आडवं सरकवण्याला होणारा विरोध) २.२५ किलोपास्कल आणि यंग्ज मॉड्युलस (ताणण्या-दाबण्याला होणारा विरोध) त्याच्या तिप्पट, म्हणजे ६.७५ येतो. या दोन आकड्यांची अदलाबदल फार होते. मॉडेलमधला वेग साधारण १.७ पट चुकला, तर आधी तेच तपासा.

पहिला टप्पा पुशचा, म्हणजे ऊतीला ढकलून लहर उठवणाऱ्या अल्ट्रासाउंड झटक्याचा. फील्ड टू किंवा के-वेव्ह (ध्वनिक्षेत्र काढणारी सॉफ्टवेअर) वापरून ट्रान्सड्यूसरची तीव्रता काढायची आणि तिचं बलात रूपांतर करायचं: दोन गुणिले क्षीणन (ऊतीतून जाताना ध्वनी किती विरतो) गुणिले तीव्रता, भागिले ध्वनीचा वेग. इथे क्षीणन नेपर प्रति मीटरमध्ये हवं. सेंटिमीटर-मेगाहर्ट्झमागे ०.५ डेसिबल घेतलं, तर ४ मेगाहर्ट्झला मीटरमागे २०० डेसिबल, म्हणजे सुमारे २३ नेपर. ८.६८६ ने भागायचं राहिलं की विस्थापन जवळपास नऊपट फुगतं. पाव मॉडेल (सममितीमुळे ठोकळ्याचा चौथा भागच बांधलेलं) वापरत असाल तर सममितीच्या पृष्ठावरच्या नोडला (जाळीच्या बिंदूला) निम्मं बल द्या आणि कडेवरच्या नोडला पाव.

दुसरा टप्पा फायनाइट एलिमेंटचा, म्हणजे ठोकळ्याचे छोटे तुकडे (एलिमेंट) करून लहर चालवण्याचा, आणि खरी डोकेदुखी हीच. ऊती जवळजवळ असंपीड्य असते. पॉयसन रेशो (पूर्ण असंपीड्य पदार्थाला ०.५) प्रत्यक्षात ०.४९९९९९५ च्या आसपास येतो. तो तसाच घातला तर दाबलहर १५४० मीटर प्रति सेकंदाने धावते, आणि ०.२५ मिलिमीटरच्या एलिमेंटला एक्स्प्लिसिट सॉल्व्हरचा (छोट्या छोट्या वेळेच्या पायऱ्यांनी पुढे जाणाऱ्या) टाइम स्टेप ०.१६ मायक्रोसेकंदावर येतो. १० मिलिसेकंदांसाठी साठ हजारांवर पायऱ्या! ०.४९९ घ्या: दाबलहर ३४ मीटर प्रति सेकंदाच्या आत येते, पायऱ्या दीडेक हजारांत संपतात आणि शिअर वेव्ह तशीच राहते. मात्र ०.४९ पर्यंत खाली जाऊ नका. तिथे दाबलहर शिअरच्या जेमतेम सातपट वेगाची उरते आणि दोन्ही एकमेकींत मिसळू लागतात.

पूर्ण इंटिग्रेशनचे साधे षट्फलक एलिमेंट इथे लॉक होतात, ऊती खोटीच कडक दिसते. रिड्यूस्ड इंटिग्रेशन (एलिमेंटमध्ये कमी बिंदूंवर गणित) घेतलं तर अवरग्लास ऊर्जेवर, म्हणजे एलिमेंटच्या खोट्या वाकड्यातिकड्या आकारांत अडकलेल्या ऊर्जेवर, लक्ष ठेवा. अंतर्गत ऊर्जेच्या ५ ते १० टक्क्यांवर गेली की निकाल टाकून द्या. मॉडेलची कड, म्हणजे भिंत, पुरेशी लांब ठेवा. १० मिलिसेकंदांत लहर १५ मिलिमीटर जाते, त्यामुळे १० मिलिमीटरवर घट्ट धरलेली भिंत परावर्तन परत पाठवते आणि ते तुमच्या मोजमापात शिरतं.

तिसरा टप्पा ट्रॅकिंगचा, म्हणजे ऊती किती हलली ते अल्ट्रासाउंडने मोजण्याचा, आणि हाच लोक गाळतात. नोडचं विस्थापन आणि यंत्राला दिसणारं विस्थापन एक नव्हे. नोडच्या हालचालीप्रमाणे विकिरक बिंदू (ध्वनी विखुरणारे) सरकवा (एका रिझोल्यूशन सेलमध्ये, म्हणजे यंत्राला वेगळा दिसणाऱ्या सर्वात लहान भागात, किमान दहा, नाहीतर स्पेकल, म्हणजे प्रतिमेतले दाणे, नीट बनत नाहीत), प्रत्येक क्षणाचा आरएफ सिग्नल (परत आलेल्या प्रतिध्वनीचा कच्चा सिग्नल) तयार करा, मग क्रॉस-कोरिलेशनने (दोन सिग्नल एकमेकांवर सरकवून जुळवत) विस्थापन काढा. पुश संपताच फोकसजवळ हे मोजमाप खऱ्यापेक्षा कमी येतं, कारण ट्रॅकिंग बीमच्या रुंदीत वेगवेगळं हललेले बिंदू एकत्र मोजले जातात. श्यानता घातली असेल तर आणखी एक गोष्ट नोंदवा: समूहवेग (संपूर्ण लहरीचा वेग) विस्थापनावरून काढलाय की कणवेगावरून (ऊतीच्या बिंदूच्या हलण्याच्या वेगावरून). त्याच ऊतीत कणवेगावरून काढलेला आकडा जास्त येतो.